रखवालदाराची सनद

दिवाळीच्या चार दिवसांत ज्याच्या दारी जावे तो आपणांस आत बोलावतो. पाट मांडला जातो, फराळाचे ताट पुढे येते, आकाशकंदिलाखाली पोरे फुलबाज्या लावीत असतात. साऱ्या वस्तीत एकच माणूस असा असतो की त्याला आत जाता येत नाही. तो फाटकाशी मोडकी खुर्ची टाकून बसलेला असतो. कोणी भल्या मनाची बाई त्याच्या हातावर चिवडा-लाडवाची पुडी ठेवते, तो ती टेबलाच्या खणात सारतो आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागतो. शहरात त्याला आज 'सिक्युरिटी' म्हणतात. माणसाचे नाव जाऊन कामाचे नाव उरले, की त्या माणसाचा इतिहास विसरायला फारसा वेळ लागत नाही.

हा इतिहास धुंडाळण्याची बुद्धी मला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे झाली. आमचे गाव पुरंदरच्या पायथ्याकडचे. गेल्या उन्हाळ्यात हा मुलगा सायकल भिंतीला टेकवून ओसरीवर आला आणि घडी घालून घालून मळलेले एक जाहिरातपत्रक त्याने माझ्या हाती दिले. 'सुरक्षा-रक्षक प्रशिक्षण. प्रमाणपत्र मिळेल. नोकरीची हमी.' खाली फीचा आकडा होता. तो आकडा म्हणजे त्याच्या आईच्या कानांतली फुले. ती फुले सोनाराकडे जायची तेवढी राहिली होती.

"गुरुजी, करू का हा कोर्स? सर्टिफिकेट असलं की नोकरी लागतीच, असं ते म्हणत्यात."

मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला प्रमाणपत्राची महती कोणी सांगावी! कागद नसला म्हणजे काय होते हे मी जाणतो, आणि कागद असूनही काय होत नाही हेही वर्गातल्या पोरांकडे पाहून जाणतो. तरी मला चटकन उत्तर देता येईना. त्याचे कारण निराळेच होते. हा मुलगा रामोशाच्या घरचा. त्याचा पणजा गावचा रखवालदार होता. ज्या घराने पिढ्यान् पिढ्या गाव राखले, त्या घरच्या पोराने राखण करण्याची लायकी फी भरून विकत घ्यावी, ह्या गोष्टीचा उलगडा मला होईना. "आठ दिवसांनी ये," असे मी त्याला सांगितले आणि कपाटातली जुनी पुस्तके खाली काढली.

पेशवाईत आणि तिच्याही आधी आपल्या गावगाड्यात राखणीचे काम ठरलेल्या घरांकडे असे. देशावर ते बहुधा रामोशांकडे, खानदेशाकडे भिल्ल जागल्याकडे. ह्या रखवालदाराला पगारपत्रक नव्हते. पिकातला वाटा होता, कोठे जमिनीचा तुकडा होता, सणासुदीचे मानाचे पान होते. त्याच्यापाशी प्रमाणपत्र नव्हते, परंतु विद्या होती. रात्री घर फुटले तर पहाटे तो धुळीतला ठसा पाही, काडीने पावलाचे माप घेई आणि मागावर निघे. माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला की त्या गावच्या जागल्याने तो पुढे उचलायचा. जेथे माग बुजेल त्या गावाच्या गळ्यात चोरीची जबाबदारी पडे. चोर सापडला नाही, तर भरपाईचा वाटा रखवालदारालाही सोसावा लागे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांना ह्या रीतीचे मोठे कुतूहल वाटले आणि त्यांनी ती लिहून ठेवली.

ह्या पद्धतीत एक मर्म आहे. रखवालदाराची लायकी कोणत्या परीक्षेने ठरत नसे. ती दोन गोष्टींनी ठरे. एक, तो गावाला आणि गाव त्याला ओळखत असे. दुसरी, चुकले तर त्याला भोगावे लागे. विद्या बापाकडून मुलाकडे येई आणि तिचा जामीन सारा गाव असे. ही व्यवस्था आदर्श होती असे मला म्हणावयाचे नाही. रखवालीचा हक्क पोचला नाही तर राखणाराच घर फोडी, अशी तक्रार त्या काळीही होती. शिवाय जन्माने काम ठरावयाचे म्हणजे दुसऱ्या कामाची दारे बंदच. परंतु काम आणि त्याचे शिक्षण ही दोन्ही एकाच घरात नांदत होती, आणि शिकण्यासाठी कोणाला कानांतली फुले विकावी लागत नव्हती, एवढे खरे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि ही घडी विसकटली. किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. पुरंदरची राखण ज्या रामोशी घरांकडे चालत आली होती त्यांचे हक्क गेले. त्याच पुरंदरच्या पायथ्याशी, भिवडीला जन्मलेल्या उमाजी नाइकाने पुढे बंडाचे निशाण उभारले. त्याची कथा येथे सांगत नाही. आमच्याकडच्या पोरांना ती तोंडपाठ असते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट एवढीच, की मध्यंतरी इंग्रज सरकारने त्याला माफी देऊन मुलखाच्या बंदोबस्ताच्या चाकरीतही घेतले होते. ज्याचे भय वाटते त्याच्याचकडून राखण करून घ्यावी, हे शहाणपण त्यांना सुचले होते, पण टिकले नाही. उमाजीला १८३२ साली फाशी झाली. त्याच्या मागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने रामोशांवर एक पुस्तकच लिहिले; ते १८३३ मध्ये मुंबईत छापले गेले.

खानदेशात मात्र इंग्रजांनी निराळा प्रयोग केला. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२५ साली, जेम्स औट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. ज्यांना सरकार दरोडेखोर म्हणत होते त्याच माणसांना गणवेश दिला, कवायत शिकविली, आणि मुलखाचा बंदोबस्त त्यांच्यावर सोपविला. त्यात इंग्रजांचा स्वार्थ होता हे सांगायला नको. तरी एक बारकावा पाहा. कवायत शिकणारा भिल्ल पगारी नोकर होता. आधी भाकरी, मग शिक्षण. हा क्रम वाचकांनी मनात धरून ठेवावा; पुढे त्याची गाठ पडणार आहे.

त्यानंतर जे झाले ते फार कडू आहे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याचे जाळे सगळ्या मुलखावर पसरले. माणूस जन्माला आला की गुन्हेगार ठरला. हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. राखण करणाऱ्या घरांवरच पहारा बसला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला, आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी हे नाव आजही आहे. पुढे १९५८ च्या कायद्याने गावची कनिष्ठ वतने संपली. वतन गेले ते बरेच झाले. त्यात वेठबिगार फार होती. पण वतनाबरोबर विद्याही गेली. माझ्या विद्यार्थ्याला माग काढता येत नाही. त्याच्या बापालाही येत नव्हता.

आता मुंबईकडे वळू. सतराव्या शतकात जेराल्ड ऑंजियर गव्हर्नर असताना बेटाच्या राखणीसाठी भंडारी लोकांची एक सेना उभारली गेली, आणि मुंबईच्या पोलीस दलाचा इतिहास सांगताना तिच्यापासूनच आरंभ करतात. पण गिरण्या, गोद्या आणि पेढ्या वाढल्या तशी खासगी पहाऱ्याची गरज वाढली. मग दरवान आले. कोणी उत्तरेकडचे भय्ये, कोणी पठाण, कोणी नेपाळातले गुरखे. रात्री काठी आपटीत, शिटी वाजवीत जाणारा गुरखा आपल्या आजोबांच्या पिढीने ऐकला आहे. ह्यांतल्या कोणापाशी सनद होती? कोणापाशीच नाही. शेटजी विचारीत, "तुला ओळखतो कोण?" आधी नोकरीत असलेला गाववाला पुढे होऊन म्हणे, "मी ओळखतो." झाली नोकरी! फार तर पलटणीतून सुटलेल्या शिपायाचा कागद पाहिला जाई. गावच्या पांढरीचा जामीन होता तसा येथे गाववाल्याचा.

ह्या धंद्यात पुढे मध्यस्थ शिरले. मालक पैसे द्यायचा एकाला, पहारा करायचा दुसरा, आणि मधल्यामध्ये किती गळायचे ते देवच जाणे. ह्या गळतीला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण करणारा कायदा केला. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली केलेल्या कायद्याचाच हा धाकटा भाऊ. मंडळे स्थापन करावी, रक्षकांची आणि मालकांची नोंद करावी, मजुरी मंडळाच्या हातून जावी, अशी योजना. ज्या रक्षकांना ह्याहून कमी नाहीत अशा सवलती मिळत असतील त्यांना सूट देण्याचीही सोय कायद्यात आहे, आणि त्या सोयीच्या दारातून एजन्सीचा धंदाही चालत राहिला. ह्या कायद्याचा भर शिक्षणावर नव्हता, मजुरीवर होता. भुकेल्याला आधी ताट वाढावे, मग श्लोक म्हणायला सांगावे, हे त्यामागचे धोरण मला तरी योग्य वाटते.

सरकारी कारखान्यांची कथा वेगळी आहे. १९६४ साली रांचीच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात मोठी आग लागली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मुखर्जी ह्यांचा आयोग नेमला गेला, आणि अशा कारखान्यांसाठी स्वतंत्र, सुसंघटित दल असावे असा विचार पुढे आला. १९६८ मध्ये कायदा झाला आणि १० मार्च १९६९ रोजी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभे राहिले. आरंभी त्यात सुमारे २,८०० जवान होते. पहाऱ्याबरोबर आग विझविणे हीही ह्या दलाची विद्या. येथे जवान आधी भरती होतो, पगारावर येतो आणि मग त्याला महिनोन् महिने शिकविले जाते. म्हणजे धरणगावचाच क्रम. आधी भाकरी, मग शिक्षण.

खासगी रक्षकाच्या शिक्षणाची गोष्ट कायद्यात आली ती २००५ साली. त्या वर्षी संसदेने खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा कायदा केला. १४ मार्च २००६ पासून तो अमलात आला. एजन्सीने परवाना घेतला पाहिजे. रक्षक अठरा वर्षे पुरा झालेला आणि पासष्टच्या आतला असावा. त्याच्या चारित्र्याची खात्री करून घ्यावी. आणि ठरवून दिलेले शिक्षण पुरे केल्याशिवाय त्याला कामावर ठेवू नये. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत त्या शिक्षणाचे मापही दिले आहे. वर्गात शंभर तास, प्रत्यक्ष मैदानावर साठ तास, आणि हे सारे निदान वीस कामाच्या दिवसांत. पलटणीतून किंवा पोलिसातून आलेल्यांना सूट. त्यांना चाळीस आणि सोळा तास, सात दिवसांत. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर, स्त्रीची १५०, आणि सहा मिनिटांत एक किलोमीटर धावता यावे.

अभ्यासक्रम वाचून मास्तर म्हणून मी चकित झालो. आग विझविणे, गर्दी आवरणे, प्रथमोपचार, ओळखपत्रे तपासणे, बॉम्बसारखी वस्तू ओळखणे, पोलिसांत फिर्याद कशी द्यावी, स्वसंरक्षणाचा हक्क कोठवर, लष्कर-पोलिसांतल्या हुद्द्यांची चिन्हे कोणती! नियमांत दंडसंहितेची तोंडओळखही आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे जुन्या वह्या आता रद्दीत. हे सगळे एकशे साठ तासांत खरेच शिकविले, तर तो मुलगा आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलापेक्षा व्यवहारात शहाणा ठरेल.

आता मूळ प्रश्न. ह्या कागदाने नोकरी मिळते काय?

कायद्याची भाषा बारकाईने वाचली तर उत्तर तेथेच सापडते. शिक्षण झालेले असले पाहिजे, ही नेमणुकीची अट आहे खरी. पण रक्षकांना ते शिक्षण मिळेल असे पाहण्याची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकली आहे. ती पाळली नाही तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, आणि परवान्यावरही गदा. म्हणजे हे ओझे कायद्याने धंदा करणाऱ्याच्या खांद्यावर ठेवले, आणि जाहिरातपत्रकाने ते हळूच उचलून एका विधवेच्या कानांवर ठेवले! शिवाय अट आणि हमी ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नवरदेवाला घोडा लागतो, म्हणून घोडा असलेल्या प्रत्येकाचे लग्न ठरत नाही. रक्षक नेमताना सैन्य, पोलीस, होमगार्ड ह्यांत सेवा केलेल्यांना पसंती देता येते, असेही कायदा सांगतो. त्यामुळे खेड्यातल्या पोराचा कागद रांगेत उभे राहण्यापुरता. रांगेत त्याच्यापुढे कोण उभा आहे ते कागद ठरवीत नाही.

मग शिक्षण व्यर्थ आहे काय? असे म्हणणाऱ्याने १९८५ चा जून आठवावा. एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान २३ जूनला अटलांटिकवर आकाशात फुटले आणि ३२९ माणसे गेली. आदल्या दिवशी टोरांटोच्या विमानतळावर सामान तपासायचे क्ष-किरण यंत्र बंद पडले होते. उरलेल्या पेट्यांवरून हातातले एक वास घेणारे उपकरण फिरविले गेले. त्या उपकरणावर फार विसंबण्यात अर्थ नव्हता, ते आधीच्या चाचणीत दिसलेलेच होते. तरीही एका पेटीपाशी ते वाजले म्हणतात. पण वाजले तर काय करायचे, हे तपासणाऱ्या खासगी पहारेकऱ्यांना कोणी नीट सांगितलेलेच नव्हते. पेटी पुढे गेली. कॅनडात न्यायमूर्ती जॉन मेजर ह्यांच्या आयोगाने २०१० साली जो अहवाल दिला, त्यात पहारेकऱ्यांच्या शिक्षणाच्या ह्या आबाळीवर बोट ठेवले आहे. तेथे उभा असलेला माणूस आळशी नव्हता, लबाड नव्हता. त्याला शिकविलेले नव्हते, इतकेच.

म्हणून जेथे कामच शिक्षणाशिवाय होत नाही, तेथे प्रमाणपत्राला खरी किंमत आहे. विमानतळावर क्ष-किरणाच्या पडद्यापुढे बसायचे तर नागरी विमान सुरक्षा ब्यूरोची परीक्षा उतरावीच लागते. आगीच्या शिक्षणाचेही तसेच. आपल्या नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आहे, आणि तेथला कागद दाखविला की समोरचा मनुष्य खुर्ची पुढे करतो. अशा ठिकाणी परीक्षा घेणारा एक आणि फी घेऊन नोकरीचे आमिष दाखविणारा दुसरा असा घोटाळा नसतो. ज्या कागदामागे कठोर परीक्षक उभा आहे तो कागद चालतो. ज्याच्यामागे नुसती पावती-पुस्तकाची गठडी आहे तो चालत नाही. नाण्याचे काय आणि प्रमाणपत्राचे काय, टाकसाळ कोणाची हे पाहूनच लोक ते हातात घेतात.

आठ दिवसांनी मुलगा आला. मी त्याला म्हटले, "बाळ, फुले सोनाराकडे नेऊ नकोस. ज्यांच्यापाशी परवाना आहे अशा एजन्सीत जा. परवाना पाहायला माग; तो त्यांनी दर्शनी लावायचा असतो. 'शिकवाल काय आणि शिकण्याचे दिवस पगारी धराल काय,' असे विचार. जो नोकरीआधी पैसे मागेल त्याला रामराम कर. आणि जमल्यास आगीचे आणि प्रथमोपचाराचे नीट शीक. ते पहारा सुटला तरी जन्मभर कामी येईल."

तो पुण्याला गेला. दोन ठिकाणी पैसे मागितले, तिसऱ्या ठिकाणी घेतले. तेथे शिकविले, पण शिकण्याच्या दिवसांचा पगार मिळाला नाही. माझी सूचना अर्धीच फळली. पुढे एका सोसायटीच्या फाटकावर त्याला उभा करायचे ठरले तेव्हा चिटणीसांनी त्याचे प्रमाणपत्र हातातही घेतले नाही. त्यांनी विचारले, "इथे तुला ओळखतं कोण?" त्याचा चुलत मामा पलीकडच्या सोसायटीत सात वर्षे आहे. तो म्हणाला, "मी वळखतो." झाली नोकरी! पेशवाई गेली, इंग्रज गेले, कायदे आले, आणि प्रश्न तोच राहिला.

तरी कागद वाया गेला असे मी म्हणणार नाही. श्रावणात त्या सोसायटीच्या मीटर-खोलीतून धूर निघाला. त्याने आधी मुख्य कळ खाली ओढली, मग वाळूची बादली घेतली, आणि पाणी घेऊन धावणाऱ्या दोघा सुशिक्षितांना हात धरून मागे ओढले. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये, हे त्याला त्या शंभर तासांत कोणीतरी सांगितले होते. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज, पाढा न चुकता म्हटल्यावर व्हायचा तसा झाला होता.

गणपतीत तो एका दिवसाकरिता घरी आला आणि प्रमाणपत्र आईपाशी ठेवून गेला. म्हातारी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली.

"मास्तर, ह्यात लिवलंय तरी काय?"

मी वाचून दाखविले. एकशे साठ तासांचे शिक्षण पुरे केले, वगैरे.

"येवढंच? अन् ह्याच्या पणज्यानं उभी हयात काढली, त्याला न्हाई कुनी कागुद दिला."

मला उत्तर सुचले नाही. तिने तो कागद पुन्हा जपून पिशवीत घातला. कानांतली फुले जागच्या जागी होती.

ह्या दिवाळीत मुलगा घरी येणार नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याची पाळी आहे. तुमच्याही फाटकाशी कोणी बसला असेल, तर पुडी देताना एकदा त्याचे नाव आणि गाव विचारावे. ओळखणारा कोणीतरी असणे, ही त्याच्या धंद्यातली सर्वांत जुनी सनद आहे.